बागेतली बटर

सासरी संचिताच्या हातून पडलेली पहिली वस्तू म्हणजे पाण्याने भरलेला तांब्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजवळ ठेवायला म्हणून ती तो घेऊन निघाली आणि माजघरातच तो निसटला. पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं. पण घरातले पाहुणे दचकले ते तांब्याच्या आवाजाने नव्हे, नव्या नवरीच्या ओरडण्याने. “पडलो!” असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की मागच्या पडवीत नारळ सोलत बसलेली, बागेत कामाला असणारी हौसाबाई कोयती टाकून धावत आली. तिला वाटलं, माणूसच पडला.

आता ज्याच्या हातून वस्तू पडते तो साधारणपणे काय करतो? इकडे तिकडे बघतो. कोणी पाहिलं नसेल तर गुपचूप उचलतो, पुसतो आणि जागेवर ठेवून देतो. ही मुलगी मात्र वाडीला दवंडी देत होती.

त्याला कारण होतं. संचिताचं माहेर नांदगावचं. तिची आई सावित्री हायवेला लागून खानावळ चालवते. खानावळीत कप-बशा फुटायच्याच, आणि पोरं-बाळं अनवाणी फिरायचीच. म्हणून सावित्रीने नियम घातला होता. ज्याच्या हातून काही पडेल त्याने लगेच मोठ्याने “पडलो!”, म्हणजे वस्तू पडली, असं म्हणायचं. चुलीपाशी असेल तिथून सावित्री म्हणायची, “पडांदे! पाय सांभाळा!” म्हणजे पडू दे, एवढंच. मग कोणी तरी झाडू आणायचं. पाडणाऱ्याला कोणी बोल लावत नसे, पण पाडून गप्प बसणाऱ्याची मात्र खैर नव्हती. एकदा गुपचूप सारलेल्या काचेवर एका गिऱ्हाइकाचं पोर नाचलं होतं. सावित्रीने ते रक्त पाहिलं होतं.

तर संचिताच्या दृष्टीने “पडलो!” ही नुसती पाय सांभाळायची सूचना होती. सासरी “पडांदे” म्हणणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक. तिथे तिच्या ओरडण्यानंतर कोणीतरी फिसकन हसायचं.

वस्तू तिच्या हातून पडत, हे खरंच होतं. उंच, लांब हातांची, भराभर चालणारी मुलगी. मन दोन पावलं पुढे आणि हात दोन पावलं मागे. पण तिच्यापेक्षा कमी पाडणारे बाकीचे होते का, हा हिशेब कोणी कधी मांडला नव्हता. मांडणार तरी कसा? बाकीच्यांचं पडलेलं कळतच नव्हतं.

*

‘बटर’ हे नाव दिलं नवऱ्याने. विनीतला देवाने हात बेताचेच दिले होते, पण तोंड देताना हात आखडता घेतला नव्हता. भात कापून झालं की मळ्यांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात, तिथे माईक धरायला आचऱ्यापासून देवगडपर्यंत विनीतला बोलावणं असायचं. टीव्हीवरचं इंग्रजी समालोचन ऐकून ऐकून त्याने शब्दांचा साठा केला होता. लग्नानंतर पंधरवड्यात संचिताच्या हातून चहाची किटली गेली, तेव्हा तो हसत म्हणाला, “बटरफिंगर्स!”

“म्हंजे?”

“कॅच सोडणाऱ्याक म्हणतत तिकडे. बोटांक लोणी लावल्यासारखा.”

संचिता कणकवलीला बी.कॉम. झालेली. तिने फोनवर अर्थ काढून पाहिला. हातातून वस्तू निसटणारी व्यक्ती, आणि कंसात, विनोदाने. कोणी, कोणासमोर विनोदाने, हे काही फोनमध्ये लिहिलेलं नव्हतं.

पण तिला तो शब्द आवडला होता. लोणी काही वाईट गोष्ट नव्हे. विनीत सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात यायचा आणि म्हणायचा, “बटर, चाय घाल गो,” तेव्हा त्या शब्दात नांदगावच्या घरातल्यासारखं काही तरी होतं. पडलं तरी चालेल, असं काही तरी. म्हणून तिने तो चालू दिला.

शब्द घरात राहिला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण गावात शब्द बांधून ठेवायला गोठा नसतो. हौसाबाईने तो उचलला आणि बागेत नेला. तिच्या तोंडात त्याची चव बदलली. “बटरान आज काय पाडल्यान?” हे ती रोज सकाळी विचारायची, आणि त्यात दया असायची, जी टोमण्यापेक्षा वाईट. नाक्यावरच्या दुकानदाराला तर ते संचिताचं माहेरचं आडनाव वाटलं. गड्यांच्या तोंडी तो शब्द म्हणजे कामाला निरुपयोगी माणूस, एवढाच उरला. कोणी क्रेट वाकडा धरला, की दुसरा म्हणे, “बटर झालंस काय रे?” अक्षरं तीच, बोलणारं तोंड बदललं की अर्थ बदलत होता, आणि प्रत्येक बदलात संचिता थोडी थोडी कमी होत होती.

एकच माणूस तो शब्द वापरत नसे. तिचे सासरे, बाबली.

*

बाबलींची बाग आचरा रस्त्याला लागून होती. हापूसची जुनी कलमं, उतारावर लावलेली. बाबलींचा राग आणि बाबलींचा आंबा दोन्ही तालुक्यात माहीत होते. आंबा काढताना झाडावर चढणाऱ्याच्या हातात झेला असतो, म्हणजे काठीच्या टोकाला जाळीची पिशवी. आंबा देठासकट त्या पिशवीत पडला पाहिजे, तिथून हाताने क्रेटमध्ये आणि क्रेटमधून अढीत. कुठेही तो जमिनीला लागता कामा नये. लागला तर त्याला पडक्यांच्या पाटीत टाकायचा, ती पाटी डबाबंद रस करणारा कॅनिंगवाला नेतो.

घोळ इथेच आहे. पडलेल्या कच्च्या आंब्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. तो चांगल्या आंब्यात मिसळला तर ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. गवताच्या थरांत, अढीत, तो इतरांबरोबर पिकायला बसतो आणि आठवडा-दहा दिवसांनी आतून काळा होतो. शेजारच्यालाही घेऊन जातो. नासका आंबा अढी नासवतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. तो नासका कोणी ठेवला, ते मात्र कोणी सांगत नाही.

आणि का सांगेल? बागेत आंबा पडल्याचा आवाज बाबलींना कधी कधी घरापुढच्या खळ्यात बसून ऐकू यायचा. मग ते तिथूनच अशा शिव्या हासडायचे, की झाडावरचा गडी झाडावरच राहणं पसंत करी. म्हणून महादूसारखा बावीस वर्षं बागेत असलेला माणूससुद्धा पडलेल्या आंब्यावर हळूच पालापाचोळा सारायचा आणि वेळ बघून तो क्रेटमध्ये टाकायचा. महादू लबाड नव्हता. त्याला फक्त शिव्या नको होत्या.

संचिता मात्र ओरडायची. “पडलो!” पहिल्या वर्षी बाबली तिच्यावरही कडाडले. दुसऱ्या वर्षी नुसतं हुंकारले. या तिसऱ्या मोसमात ते काहीच बोलत नव्हते. संचिताला वाटलं, आपल्याला त्यांनी सोडून दिलं. रागवायच्या लायकीचीही ठेवली नाही.

आणि तिला तर बाबलींकडून एक गोष्ट हवी होती. अढीच्या खोलीची चावी.

अढी तिची सासू लावायची. ती गेल्यापासून बाबली स्वतः लावत होते आणि चावी त्यांच्या कमरेच्या करगोट्याला होती. पण यंदा गुडघे वाकत नव्हते. जमिनीवर बसून गवताचा थर, त्यावर देठ खाली करून एक एक आंबा, परत गवत, हे काम गुडघे नसलेल्याचं नव्हे. संचिता दारात उभी राहून बघायची. गवताचा तो ऊबदार वास, अंधारात हळूहळू पिवळे होत जाणारे आंबे. रोज वास घेऊन कुठला थर उलटायचा ते ठरवायचं. आयुष्यात तिला कुठल्या कामाची इतकी ओढ वाटली नव्हती. पण बटरला अढी कोण देणार?

*

मार्चमधल्या एका रविवारी गावच्या मळ्यात अंतिम सामना होता. सगळी बाग सुट्टी घेऊन गेली होती. बाबलीसुद्धा खुर्ची घेऊन हद्दीजवळ बसले होते. माईकवर विनीत. शेवटच्या षटकात मिडविकेटवरच्या पोराने सोपा झेल सोडला आणि कर्ण्यातून विनीतचा आवाज घुमला.

“बटरफिंगर्स, मंडळी, बटरफिंगर्स! पण पोराला बोलू नका. असे हात आमच्या घरीही आहेत! मंगळसूत्र मी घातलं म्हणून तिच्या गळ्यात आहे. तिच्या हातात दिलं असतं तर अजून आम्ही मांडवात शोधत असतो!”

मैदान हसलं. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या संचिताकडे माना वळल्या. हौसाबाईने हसता हसता तिच्या पाठीवर थाप मारली. सामना फोनवरून थेट दिसत होता, म्हणजे नांदगावला सावित्रीनेही तो ऐकला असणार. संचिता हसली. अशा वेळी माणूस हसतोच, दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून ती ओरडेनाशी झाली.

पडणं थांबलं नाही. ओरडणं थांबलं. आणि गंमत बघा, लोक म्हणू लागले, बटर सुधारली. हौसाबाई एका सकाळी म्हणाली, “हात बसलो गो तुझो.” संचिताला बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकं सोपं होतं तर! पडलेला आंबा उचलायचा, पदराच्या काठाने माती पुसायची आणि क्रेटमध्ये ठेवायचा. बाकी सारे हेच करतात. तिने पहिल्यांदा असं केलं तेव्हा चारदा मागे वळून पाहिलं. नंतर तेवढं नाही.

मग विहिरीजवळच्या कलमाखाली तिच्या हातून अख्खा क्रेट निसटला. महादू वर, दुसऱ्या फांदीवर, त्याची पाठ होती. खालचा पाचोळा जाड होता, आवाज विशेष झाला नाही. आंबे उतारावर गडगडत गेले. तोंडापर्यंत आलेली हाक तिने दातांखाली दाबली, वाकून एक एक आंबा गोळा केला आणि पुसून क्रेट भरला. तो क्रेट संध्याकाळी अढीत गेला, खिडकीखालच्या कोपऱ्यात.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या आला, परवा आला, आणि न सांगितलेली गोष्ट जेवढी शिळी होते तेवढी सांगायला जड होते.

*

दर वर्षी अढीतली पहिली पेटी जाते ती मालवणला, हवाबींच्या घरी. बाबली तरुण होते आणि त्यांच्या आंब्याला कोणी विचारत नव्हतं तेव्हा हवाबींचे यजमान इक्बाल यांनी आपल्या ट्रकातून त्यांच्या पेट्या मुंबईला पोचवल्या होत्या, माल विकला गेला तरच भाडं दे म्हणून. इक्बाल आता नाहीत. पण पहिल्या पेटीतला आंबा त्यांच्या नावाने फातेहाच्या प्रार्थनेला ठेवल्याशिवाय हवाबींच्या घरात कोणी हापूस चाखत नाही, आणि ती पेटी गेल्याशिवाय बाबलींच्या घरातही नाही.

पेटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी खळ्यात सगळे चहाला बसले असताना बाबलींचा फोन वाजला. त्यांना कमी दिसे म्हणून ते फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलत. हवाबींचा थकलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“बाबली, रागावू नको हां. फातियाक ठेवलेलो आंबो कापलो, तो आतसून काळो. दुसरो कापलो, तोय तसोच. तुझो आंबो म्हणान सांगतंय. दुसऱ्याचो असतो तर गप फेकलो असतो.”

बाबली म्हणाले, “मी येतंय, भाभी,” आणि फोन ठेवला.

आता ते ओरडतील म्हणून सगळ्यांनी खांदे आवळले. ते ओरडले नाहीत. काठी टेकत अढीच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने परातीत आंबे घेऊन आले. प्रत्येक मधोमध कापलेला आणि आतून काळा होता. परात त्यांनी खळ्याच्या मधोमध ठेवली.

“खिडकीखालचे आसत. विहिरीकडच्या कलमाचे,” ते म्हणाले. आवाज एवढा हळू होता, की महादूने हातातला पेला खाली ठेवला. “थंय दोघांच होती. झाडार महादू आणि खाली संचिता.”

सगळ्यांचे डोळे संचिताकडे वळले. साहजिकच होतं. हौसाबाईने तर कपाळालाच हात लावला.

“तिच्याकडे कित्याक बघतास?” बाबली म्हणाले. “तिचो पडता तेवा सगळ्या वाडीक कळता. ती वरडूक नाय, म्हणजे तिचो पडूक नाय. महादू, ह्ये तुझे.”

नाही म्हणायला महादूची जीभ उचलेना. या बावीस वर्षांत त्याने पाचोळ्याखाली सारलेले आंबे थोडे होते का? हे नसतील, पण ते होते. तो मान खाली घालून बसला. ती खाली गेलेली मान म्हणजेच कबुली, असं सगळ्यांनी धरलं.

बाबली बोलतच होते, स्वतःशीच बोलल्यासारखे. “बागेत इतकी माणसां. सगळ्यांच्या हातांवर माझी नजर ठेवची लागता. एका हिच्या हातार नाय लागणा. ही वरडली की मी खळ्यात निवांत चाय पितंय, म्हणतंय, बरा झाला, तो आंबो पाटीत गेलो. म्हणान तर यंदा अढीची चावी हिका देवची, असा माझ्या मनात होता.” त्यांनी करगोट्याची चावी सोडवून हातात घेतलीही होती. “महादू, तू मात्र भाभीच्या पेटीत घातलंस. इक्बालभायच्या नावाच्या पेटीत.”

महादू उठला. कोपऱ्यातला आपला झेला त्याने घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला, काम सोडून जाणारा गडी ठेवतो तसा.

संचिताला ऐकू येत होतं ते सगळं जणू पाण्याखालून येत होतं. ज्या गोष्टीची तिला तीन वर्षं लाज वाटत होती, तीच हा म्हातारा तीन वर्षं जपून ठेवत होता. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तिने उलटा लावला होता. आणि चावी तिथे होती, हातभर अंतरावर. ती एक शब्दही बोलली नाही तरी चालणार होतं. महादूही काही बोलणार नव्हता. गप्प राहणं तर तिला आता जमत होतं.

महादू पायऱ्या उतरू लागला.

“पडलो!”

हाक तिच्या तोंडून निघाली तशीच्या तशी, माहेरची, खानावळीतली, वाडीभर जाणारी. आंबे पडून आठवडा उलटला होता, हाक आत्ता आली. महादू पायरीवर थबकला.

“माझ्या हातसून पडले, बाबानू,” ती म्हणाली. “अख्खो क्रेट. महादूदादांची पाठ होती. मी पुसून परत भरलंय आणि कोणाक सांगूक नाय.”

बाबलींनी तिच्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. “कित्याक गो?”

“माका बटर म्हणान घेवचा नाय होता.”

विनीत खांबाला टेकून उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला.

“ह्या बटर म्हणजे काय ता माका कळना नाय,” बाबली म्हणाले. “तुझी हाक कळायची.” मग त्यांनी चावी परत करगोट्याला बांधली. महादूची क्षमा मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आपली तंबाखूची चंची काढली आणि त्याच्यापुढे धरली. महादूने चिमूटभर घेतली, झेला उचलला आणि बागेकडे गेला.

दुपारच्या एस्टीने बाबली मांडीवर नवी पेटी घेऊन एकटेच मालवणला गेले.

*

“मी माईकार ता बोलूक नको होता,” विनीत संध्याकाळी म्हणाला. बिचाऱ्याच्या तोंडाला त्या दिवशी प्रथमच शब्द कमी पडत होते. “मस्करी होती गो.”

“घरात म्हणायस तेवा माकाय मस्करीच वाटायची,” संचिता म्हणाली. “तो शब्द तुझो-माझो होतो. तू तो गावाक वाटलंस. आता तेचो काय करू मी?”

वाटलेला शब्द घरोघर जाऊन परत मागता येत नाही. विनीतने तिला बटर म्हणायचं सोडलं आणि तो तिला संचिता म्हणू लागला. तेही तिला परक्यासारखंच वाटलं.

बागेत ती पुन्हा ओरडू लागली. सुरुवातीला “पडलो,” असं ती हळू म्हणायची आणि आंबा पाटीत टाकायची. कोणी हसत नव्हतं, आणि ते न हसणंही तिला तेवढंच जड जायचं. बाबली खळ्यात बसून राहत. चावी कमरेला. अढीत दुसरं कोणी जात नव्हतं, आणि गुडघे धरून बाबली जे जमेल ते करत.

मग एका सकाळी, विहिरीकडच्याच कलमावर, वरून महादू ओरडला.

“बटर!”

संचिताच्या हातातला आंबा थांबला. महादूने तरी असं करू नये, एवढंच तिला वाटलं. तिने वर पाहिलं. महादू फांदीवर झेला धरून बसला होता आणि एका हाताने स्वतःचा कान पकडून हसत होता. मग तिने खाली पाहिलं. पाचोळ्यावर एक हिरवागार आंबा पडला होता, तिच्या पायांपासून दूर, झेल्याच्या बरोबर खाली.

“माझो गो, माझो,” महादू म्हणाला. “तुका नाय म्हणूक. ‘पडलो’ म्हणूक जीव होय नाय. ह्या म्हटला की हसाक येता, मगे सांगूक बरा पडता. घाल तो पाटीत.”

खळ्याकडून अजून आवाज नव्हता. सगळी बाग कान देऊन होती. बाबलींच्या शिव्या येणार, येणार, म्हणताना संचिताच्या तोंडून सवयीने निघालं, “पडांदे, दादा! पाय सांभाळा!”

खळ्यातून खाकरल्याचा आवाज आला. बस्स, तेवढाच.

दुपारपर्यंत हौसाबाईच्या बाजूने एक बटर आला. मोठ्या कष्टाने, नाकातून बोलल्यासारखा, पण आला. दुसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याने तर नवीन आलेल्या गड्याला वाटलं, आंबा पडला की असं ओरडायची इथली रीतच आहे. कोणाच्या हाताला हा शब्द चिकटलेला आहे असं त्याला कोणी सांगितलं नाही, कारण तो आता कोणा एकाच्या हाताला चिकटलेला नव्हताच. पडक्यांची पाटी मात्र शिगोशीग भरू लागली. कॅनिंगवाला टेम्पो लावून उभा राहिला तेव्हा त्याने डोकं खाजवलं.

“काय ओ, यंदा इतके पडके?”

“पडके दर वर्षीच इतके,” बाबली म्हणाले. “यंदा दिसतत.”

संचिता पलीकडे क्रेट पुसत होती. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. आपण न ओरडता काढलेले ते दिवस या वाक्याने पुसले गेले नाहीत, हे तिला कळत होतं. फातेहाच्या आंब्यातला डाग तिच्या नावावरच राहणार होता.

टेम्पो गेला. ऊन उतरू लागलं. बाबली खळ्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, अढीच्या खोलीकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“गो संचिता,” त्यांनी हाक मारली. “खिडकीकडचा गवात परतूक होया. वास सुटलो हा.”

ती उठेपर्यंत त्यांनी करगोट्याची गाठ सोडली होती. पायऱ्या उतरून यायचा त्यांना कंटाळा, आणि हातात नेऊन देण्याइतके ते गोड माणूस नव्हते. त्यांनी चावी वरूनच तिच्याकडे फेकली.

संचिताने दोन्ही हात पुढे केले. डोळे चावीवर होते, पावलं जागेवर होती, झेल अगदी सोपा होता. चावी तिच्या दोन तळव्यांमधून सरळ खाली गेली आणि चिऱ्यावर खणकन आपटली.

झाडांवरून, क्रेटांच्या मागून, गवताच्या गंजीकडून, सगळी बाग एका आवाजात ओरडली, “बटर!” त्यात विनीतचाही आवाज होता, आणि या खेपेला माईक नव्हता. संचिता हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे हसणं पोटातून आलं होतं.

तिने कठड्याकडे पाहिलं. बाबलींचा जबडा हलत होता. त्या तोंडाला शिव्यांची सवय चाळीस वर्षांची, हा दुसरा शब्द त्यांना नवा होता.

“पडांदे,” बाबली म्हणाले. “पाय सांभाळ.”

संचिताने चावी उचलली, फुंकर मारून तिच्यावरची माती उडवली आणि अढीचं दार उघडायला गेली.